जीपची खांदमळणी

सगळं बेला गाव उघाड मागत होतं आणि जयवंताबाई एकटी पाऊस मागत होती.

पोळा दुसऱ्या दिवसावर आलेला. घरोघरी बैलांच्या झुली पेटीतून निघून दांडीवर पडलेल्या, शिंगांचा रंग वाटीत कालवलेला, बेगड कापून ठेवलेली. एवढ्यात एक सर जरी आली तरी सगळा साज बैलाच्या अंगाला चिकटणार आणि रंग डोळ्यांत उतरणार. म्हणून जो तो आभाळाकडं बघून हात जोडत होता. जयवंताबाई बघत होती ती दातओठ खात. कितीक दिवस झाले, ढग यायचे, काळे ठिक्कर व्हायचे, गडगडायचे आणि मुलगी पसंत न पडलेल्या पाहुण्यांसारखे गप उठून पैनगंगेपलीकडं निघून जायचे.

“बरस ना मेल्या,” अंगणात उभी राहून ती ढगाला म्हणाली. “तुले काय वेगळं आवतन देऊ?”

तुराट्यांच्या कुडापलीकडून हसणं आलं. पलीकडं तिची धाकटी जाऊ राहायची, द्वारकाबाई. दोन घरांमधे तेवढा एक कुड, आणि तोही द्वारकाबाईनं आपल्या हनुवटीच्या मापानं बांधलेला.

“पोयाले पानी मागनारी बाई मी पयल्यांदाच पाह्यली बापा,” द्वारकाबाई म्हणाली. “जाऊबाई, तुमच्या कोठ्यात बैल नाईत का?”

“हायेत ना. आन बैलाच्या बाजूले जीप बी हाये. तुह्या कोठ्यात काय हाये ते पाय बरं.”

द्वारकाबाईच्या कोठ्यात एक भाकड म्हैस होती. हनुवटी कुडाखाली गेली.

जीप खरंच कोठ्यात उभी होती, बांड्या आणि कोश्या या दोन बैलांच्या शेजारी. जयवंताबाईचा धाकटा मुलगा खुशाल हैदराबादेत एका संस्थेत इंजिनिअर होता. सत्त्याण्णव साल होतं ते. गावात टीव्ही असलेली घरं बोटावर मोजण्यासारखी, आणि हा गडी जीपमधे टीव्ही घेऊन आला होता. जीपच्या टपावर एक कॅमेरा होता. कॅमेरा रस्ता बघायचा, मागच्या सीटवर गादीत गुंडाळून ठेवलेला कॉम्प्युटर ते चित्र वाचायचा, आणि रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा धरून स्टेअरिंग आपोआप फिरायचं. वेग म्हणाल तर माणसाच्या चालण्याइतका. पण चाकाला माणसाचा हात नाही.

उन्हात ती छान चालायची. पाऊस आला की आंधळी. काचेवर थेंब बसले की कॅमेऱ्याला एका पट्ट्याचे चार दिसत, आणि ओलं डांबर चमकलं की चारातला एकही दिसेना. हैदराबादेत लोक म्हणू लागले, पावसात न चालणारी गाडी कोणाच्या कामाची? कॅमेरा काढा आणि जीप साहेबलोकांना फिरायला द्या. खुशालनं एक पावसाळा मागून घेतला आणि जीप गावी आणली. कॅमेऱ्याला त्यानं पत्र्याची पेटी केली. पुढं काच, काचेवर टोपरं, काच पुसायला वीतभर वायपर, आणि एक छोटा पंखा, लोहाराच्या भात्यासारखा फुंकर मारणारा, म्हणजे थेंब काचेवर बसायच्या आधीच उडून जावा.

जयवंताबाईची शाळा दुसरीत सुटली होती. तिनं हे सगळं आपल्या रीतीनं समजून घेतलं आणि इचोड्याच्या बाजारापर्यंत पोचवलं. “गाडीच्या डोयाले पापनी नव्हती,” ती सांगायची, “माह्या पोरानं केली. आता ते तुमच्या नवऱ्यापेक्षा चांगली चालते. रस्ता पाहून चालते.”

उद्या हैदराबादेहून संस्थेचे भूमय्या साहेब येणार होते. त्यांनी एकदा बघायचं आणि ठरवायचं, काम पुढं ठेवायचं की कॅमेरा काढून न्यायचा. दिवस खुशालनंच पोळ्याचा निवडला. वर्षातून हाच एक दिवस असा की बेल्याच्या रस्त्यावर एक बैलगाडी निघत नाही. बैलाच्या मानेवर जू ठेवलं तर गाव तोंडात शेण घालेल. रस्ता मोकळा मिळणार होता. राहिला होता फक्त पाऊस.

“नाई आला तं?” तिनं सकाळी विचारलं होतं.

“नाई आला तं साहेब म्हनन, उन्हात तं आमी बी पाह्यली.” खुशाल मोटारसायकलला किक मारत होता, साहेबांना घ्यायला आदिलाबादला निघाला होता, रात्री तिथंच राहून सकाळी त्यांना घेऊन येणार होता. जाता जाता त्यानं चंपतला बजावलं, “पेटीवरचं फडकं काढू नको. कोनाले हात लावू देऊ नको.”

चंपत गावचाच ड्रायव्हर. त्याचं काम जगातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड होतं: चाकामागं बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. काही वाईट घडायला लागलं तरच चाक धरायचं. आयुष्य ट्रकवर काढलेल्या माणसाला हात मांडीवर ठेवून बसायला सांगणं म्हणजे द्वारकाबाईला गप्प बस म्हणण्यासारखंच.

दिवसभर जयवंताबाईचा जीव ठिकाणावर नव्हता. पुरणाची डाळ निवडली आणि निवडलेली परत निवडली. कोठ्यात गेली, जीपकडं बघून आली. चुलीशी बसली, उठली, बाहेर येऊन आभाळ पाहिलं. चंपत बाजेवर आडवा पडून घोरत होता, त्याच्या बाजेला लाथ मारून गेली.

“काय झालं काकी?”

“काई नाई. झोप. तुह्या भरोशावर काम ठेवलं म्हनून इचारते, झोप लागून राह्यली ना चांगली?”

दिवस कलला तशी ती लोणी-हळदीची वाटी घेऊन कोठ्यात गेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळायचे असतात. वर्षभर जू वाहून जिथं कातडं जाड झालेलं असतं, तिथं पळसाच्या पानानं लोणी-हळद चोळायची, आणि कानाशी जाऊन सांगायचं: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. नवरा यशवंतराव गेला तेव्हापासून हे काम घरात तीच करायची. बायकांनी करायचं नसतं असं एकदा कोणी म्हणालं होतं. परत म्हणालं नाही.

बांड्या शांत उभा राहिला. कोश्यानं मान तिच्या खांद्यावर टाकली. दोघांनाही आवतण दिलं. वाटीत लोणी उरलं.

जीप बाजूलाच उभी होती. टपावर पेटी, पेटीवर फडकं बांधलेलं, एखाद्या डोळे आलेल्या माणसासारखी. याच जीपनं गेला महिनाभर तिच्या पोराला जागं ठेवलं होतं. तिच्याच घरच्या छपराखाली राहिली होती. उद्या काम तिलाच करायचं होतं, बैलांना तर सुट्टी. मग बैलांना आवतण आणि हिला नाही? हे तिच्या मनाला पटेना. तिनं आधी बोनेटवर दोन बोटं ओढली. मग चाकांना. मग बाज शिडीसारखी टेकवून वर चढली आणि पेटीवरचं फडकं सोडलं.

चंपतला खुशालनं सांगितलेलं तिनं ऐकलं होतं. पण कोणाला म्हणजे लोकांना. आईला लोकांत धरायचं असतं का?

काच स्वच्छ होती. तिच्यात जयवंताबाईला आपलं कपाळ आणि चष्मा दिसला. थेंब बसू नये, थेंब बसू नये, हेच पोराच्या तोंडी महिनाभर होतं. लोणी लावलेल्या अंगावर पाणी थांबतं का? बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं की पाणी कसं सरसर सरकतं. तिनं बोटभर लोणी घेतलं आणि काचेवर चोळलं. चोळून चोळून इतकं पातळ केलं की पिवळं दिसेनासं झालं. मग पेटीच्या कडेला तोंड नेऊन ती हळू म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” फडकं होतं तसं बांधलं, खाली उतरली.

कुडावर हनुवटी होती.

“जाऊबाई, जीपले पुरनपोई लागते का तेल लागते?” द्वारकाबाईनं विचारलं.

“तुले काय लागते ते सांग, धाडून देते. तोंडात काई असलं म्हंजे मानूस बोलत नाई.”

पहाटेच पाऊस आला. गाव शिव्या देत उठलं. जयवंताबाई अंगणात भिजत उभी राहिली, आणि पाणी तोंडावर घेत तिनं आधी द्वारकाबाईच्या घराकडं पाहिलं आणि मग देवाला हात जोडले.

साहेब उशिरा आले, खुशाल मोटारसायकलवर पुढं. पाणी-चिखलातून त्यांची मोटार मधेच रुतली होती. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशीचे, कोटावर प्लास्टिकचा कागद पांघरलेले. “नमस्कारम अम्मा,” म्हणाले आणि घड्याळाकडं पाहिलं. दुपारी गावात बैल तोरणाखाली यायचे, त्याआधी रस्ता सोडायचा होता. चहाही उभ्यानंच झाला. खुशालनं इंजिन सुरू केलं, कॉम्प्युटर लावला, अगदी शेवटी दोरी ओढून फडकं काढलं. मागच्या टीव्हीवर रस्ता उमटला, काळा-पांढरा, जरासा धूसर. पावसात असायचाच धूसर, असं त्याला वाटलं असावं. त्यानं पंखा सुरू केला. फुंकर लागली, थेंब पळाले. साहेबांनी मान हलवली.

जीप निघाली. चंपत चाकामागं, हात मांडीवर, दात आवळलेले. साहेब आणि खुशाल मागं टीव्हीपुढं वाकलेले. जयवंताबाई छत्री घेऊन रस्त्याच्या कडेनं मागोमाग निघाली, आणि तिच्यामागं, कोणी बोलावलं नसताना, द्वारकाबाई.

“तू काऊन आली? पुरन करपन.”

“तुमची जीप जेवाले येनार म्हनून पाहाले आली. मी तं आवतन आयकलं ना काल.”

जीप सरळ चालली होती. कोणी चाक धरलेलं नाही आणि चाक इवलं इवलं फिरतंय, हे बघून रस्त्यालगतच्या नाल्यावर बैल धूत असलेली माणसं हात थांबवून उभी राहिली. एकानं टोपी काढली. जयवंताबाईची मान लांब झाली. पण ती चार पावलं चालायची, थांबायची, परत धावायची. पाऊस वाढला. खुशालनं आतून बटण दाबलं, पेटीवरचा वायपर हलायला लागला. इकडून तिकडं. तिकडून इकडं.

पुढं रस्त्याला वळण होतं, आणि वळणापलीकडं नाल्यावरचा पूल. वळणाच्या तोंडाशी जीप उजवीकडं गेली. मग डावीकडं. मग एखाद्या जनावरानं साप पाहावा तशी जागच्या जागी थबकली.

खुशाल उतरला. पुढं झाला, मागं झाला, वायरी चाचपल्या. परत आत जाऊन काही केलं. जीप वीतभर पुढं सरकली आणि पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तेच. साहेब प्लास्टिक सावरत खाली उतरले, पेटीकडं बघत उभे राहिले.

“क्या हुआ, खुशाल?”

“पट्टा नहीं दिख रहा सार. दिखा नहीं तो रुक जाती, वैसा ही बनाया मैं. पण...” ओल्या केसांतलं पाणी डोळ्यांत जात होतं आणि तो पुसत नव्हता.

जयवंताबाई जीपजवळ पोचली तेव्हा वायपर अजून चालूच होता. प्रत्येक फेरीला काच पुसायच्या ऐवजी दुधाळ होत होती. चार अंगुळ दुधाळ पट्टा इकडून तिकडं जाई आणि त्यावर पावसाचे थेंब फुगून बसत, मोत्याएवढे. आणि वायपरच्या रबराच्या टोकाला, जिथं सगळं सरकत जाऊन गोळा होत होतं, तिथं काहीतरी पिवळं साचलं होतं.

तिनं उजव्या हाताचं बोट पदरात लपवलं.

“जाऊबाई,” द्वारकाबाई तिच्या कानाशी आली, “ते पिवयं काय व? मले तं हयद दिसते.”

“तुले कावीळ झाली असंन.”

“असंन बापा. सांगू का खुशालले, माह्या डोयाले पिवयं दिसून राह्यलं म्हनून?”

द्वारकाबाईच्या ओठांवर हसू होतं, पण ती खुशालकडं गेली नाही. जावेकडं बघत होती, ही काय करते ते. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून जयवंताबाईनं ‘माझं चुकलं’ म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. ऐकायला मिळालं तर पुरण करपलं तरी चालणार होतं.

साहेब खुशालशी बोलत होते. हिंदी, मधे तेलुगु, मधे इंग्रजी. जयवंताबाईला अर्धंच कळत होतं. बारिश, टाइम, बाकी लोग क्या बोलेंगे. मग खुशालचा आवाज आला, खाली बसलेला. “मेरा ही गलत है सार. हवा से काच साफ रहता बोला मैं. नहीं रहता. बॉक्स ही गलत है.” आणि त्यानं खिशातून पेचकस काढला आणि पेटीचा पहिला स्क्रू फिरवायला घेतला.

पोराचा तो आवाज तिनं पूर्वी कधी ऐकला नव्हता. मॅट्रिकला गणितात नापास झाला तेव्हाही तो भांडला होता, मास्तरच चुकला म्हणाला होता, आणि ती त्याच्या बाजूनं मास्तरच्या दारात जाऊन भांडून आली होती. आणि इथं तो न केलेली चूक दोन्ही हातांनी उचलून घेत होता. पेटी चांगली होती. पंखा चांगला होता. तिला हे कळत होतं, या रस्त्यावर तिच्या एकटीलाच. म्हणजे एकटीला नाही. शेजारी दुसरीही उभी होती, आणि ती आत्ता बोलली तर गावभर द्वारकाबाईच्या तोंडानं जाणार होतं. मग त्यापेक्षा आपल्या तोंडानं गेलेलं बरं. खरं सांगायचं तर तिच्या मनात आधी पोर आलं की जाऊ, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“पेचकस ठेव खाली,” ती म्हणाली.

“माय, तू मधी नको बोलू.”

“ठेव म्हनलं ना! तुही पेटी चांगली हाये. काचेवर म्या लोनी चोयलं काल.”

खुशालनं मान वळवली. स्क्रू अर्धा बाहेर आलेला होता.

“खांदमयनी होती,” ती बोलतच सुटली. थांबली असती तर परत सुरू करता आलं नसतं. “बैलायची केली. ते बी कोठ्यातच हाये, तिची नसती केली तं माह्या जिवाले लागलं असतं. आन तूच म्हने ना थेंब बसू नाई? म्हून लावलं. पानी सरकून जाईन म्हून लावलं. मले काय मालूम तुह्या गाडीले लोनी सोसत नाई! आता पायतो काय माह्या तोंडाकडं? पूस ना!”

पाऊस छत्रीवर वाजत राहिला. चंपतनं चाकामागून तोंड बाहेर काढलं, तिच्याशी नजर भेटताच आत घेतलं.

“क्या बोल रहे अम्मा?” साहेबांनी विचारलं.

खुशालनं सांगितलं. सांगताना त्याचे कान लाल झाले. साहेबांनी काचेवर बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं.

“मक्खन?”

“आन हल्दी,” जयवंताबाई म्हणाली.

साहेब हसले नाहीत. “अम्मा, रोडपे मक्खन नहीं गिरता.”

“नाई गिरता,” ती मोडक्या हिंदीत म्हणाली, “मगर गोबर गिरता. इचोडे के ट्रकका काला तेल उडता. वो पोंछते ना, ये भी पोंछो. मेरी उंगलीने दिन डुबाया तुमारा, वो मैं मानती. मगर पेटी पे गुस्सा मत निकालो. पेटी मेरे पोरे ने बनाई.”

साहेबांनी परत घड्याळ पाहिलं. मग आभाळ पाहिलं. मग खुशालला म्हणाले, “साफ करो. एक बार. पुलके उधर तक जाना, वापस आना. उधर गाडी घुमाने को ड्राइवर हाथ लगाया तो ठीक. रस्ते में हाथ लगाया, तो कैमरा मैं आज ही निकालके ले जाता. नहीं लगाया, तो संक्रांति तक तुमारा.”

खुशालनं पेट्रोलमधे भिजवलेल्या फडक्यानं काच पुसली, मग साबणानं, मग परत पेट्रोलनं. वायपरचं रबर काढून चोळलं. आई शेजारी उभी होती, तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही. काम संपल्यावर बाभळीकडं बोट दाखवून एवढंच म्हणाला, “तिथं उभी राय. गाडीजवय येऊ नको.”

ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी दाखवलेल्या जागी जाऊन उभी राहिली.

जीप निघाली. वळणाच्या तोंडाशी क्षणभर अडखळली असं वाटलं, मग चाक फिरलं, आणि ती वळणात शिरली. पाठीमागचा लाल दिवा थोडा वेळ दिसला. मग पावसाचा पडदा आडवा आला आणि काहीच दिसेना.

आता बाभळीखाली उभं राहणं नव्हतं, जळणं होतं. पाऊस असा आला की नाल्याचा आवाज आणि पावसाचा आवाज वेगळा ओळखू येईना. ती दोन पावलं रस्त्यावर यायची, जागा आठवून परत मागं व्हायची. पदराचं टोक पिळायची, सोडायची. ती पेटी तिथं एकटी होती. पंखा फुंकत असेल का? वायपर अडकला तर? काचेच्या कुठल्या कोपऱ्यात तिच्या बोटाचं लोणी राहून गेलं असेल तर? या कोपऱ्यात आपण जास्त चोळलं होतं का? उजव्या? तिला आपल्या बोटाचाच राग आला. तिनं ते लुगड्याला पुसलं, परत पुसलं.

द्वारकाबाईची छत्री वाऱ्यानं उलटी होऊन मोडली होती. जयवंताबाईनं न बघता आपली छत्री तिच्या डोक्यावर केली.

“येन व,” द्वारकाबाई म्हणाली. तिच्या आवाजातलं हसू कधी गेलं ते दोघींनाही कळलं नाही. “इतका वखत लागते. पुलावून वयवाचं हाये ना.”

“तुले काय मालूम गाडी कशी वयवतेत?”

“मले काई मालूम नाई. म्हून तं म्हनते, येन.”

आणि पावसातून पिवळे दोन दिवे निघाले. हळूहळू. येत आहेत की उभे आहेत, कळेना. जयवंताबाईनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला. लावेपर्यंत परत थेंबांनी भरला. पदरही ओला, पुसायचं कशानं? परत काढला. चष्म्याशिवाय नुसता धूर, चष्म्यातून नुसते थेंब. तिला जीप दिसत होती, जीपची पुढची काच दिसत होती, काचेवर पाण्याचे लोट, त्यामागं एक काळी सावली. तिचा मुलगा आणि तिच्या मुलाचं काम त्या सावलीच्या दोन हातांत होतं आणि तिला ते हात दिसेनात.

“द्वारके, तुहे डोये चांगले हायेत. पाय, चंपतचे हात कोठी हायेत?”

द्वारकाबाई छत्रीबाहेर वाकली. डोळे बारीक केले.

“वर हायेत.”

“वर म्हंजे? चाकावर?”

“वर हायेत एवढं दिसते. छातीशी. हालून राह्यले.”

“चाकावर हालून राह्यले?”

“थांब ना व! पानी किती...” द्वारकाबाई आणखी पुढं झाली, अर्धी भिजली, हाताचा पंजा कपाळाला लावला. “हात एकावर एक हायेत. आंगठा फिरवून राह्यला.”

जीप जवळ आली होती. आता चष्म्याची गरज नव्हती. पुढच्या काचेमागं चंपत रेलून बसला होता, डावा तळवा पसरलेला, आणि त्यावर उजव्या अंगठ्यानं तो निवांत तंबाखू मळत होता. चुना लावलेला, फटफट झाडलेला, असा की जणू घरच्या ओट्यावर बसलाय. त्याच्यासमोर स्टेअरिंग एकटंच फिरत होतं, इवलं इवलं, पांढरा पट्टा धरून. मागं साहेब आणि खुशाल टीव्हीत तोंडं घालून बसले होते. बाहेर कोण उभं आहे याचं त्यांना भान नव्हतं.

जयवंताबाईनं नेहमीचं तोंड उघडलं.

“मेल्या चंपत्या! हात मांडीवर ठेवाचे सांगतले होते ना तुले!”

चंपतनं चिमूट ओठामागं टाकली आणि रिकामे दोन्ही तळवे काचेतून तिला दाखवले. जीप बाभळीपाशी थांबली नाही, सरळ गावाच्या दिशेनं निघाली. जयवंताबाईनं छत्री द्वारकाबाईच्या हातात कोंबली, लुगड्याचा काष्टा वर ओढला, आणि पावसात जीपच्या मागोमाग झपाझप चालू लागली. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता. जीप तिला मागं टाकू शकली नाही.